दाखल्याला निशाणी पडली, तरी तारीख शाबीत झाली का?

प्रश्न : आमची वडिलोपार्जित जमीन काकांनी विकली तेव्हा मी अज्ञान (म्हणजे कायद्याने सज्ञान होण्याच्या वयाखालचा) होतो, असा माझा दावा आहे. वडिलांच्या मृत्यूचा नगरपालिकेचा दाखला आणि माझा शाळा सोडल्याचा दाखला मी हजर केला आहे. दाखले देणारे अधिकारी साक्षीला आल्याखेरीज हे कागद पुराव्यात वाचता येणार नाहीत, अशी हरकत प्रतिवादींच्या वकिलांनी घेतली आहे. ती बरोबर आहे का?

उत्तर : मृत्यूच्या दाखल्याबाबत ती चुकीची आहे, शाळेच्या दाखल्याबाबत मात्र ती गांभीर्याने घ्या.

मृत्यूचा दाखला हा निबंधकाच्या, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नोंदवहीतला उतारा असतो. ती नोंदवही सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ नुसार तिचा प्रमाणित उतारा मृत्यू शाबीत करण्यासाठी ग्राह्य असतो, त्यामुळे निबंधकाला साक्षीला बोलवावे लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही सार्वजनिक दस्तऐवजांविषयीचे १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यातले तत्त्व कायम आहे. प्रत मात्र नीट पाहा : ती खरी नक्कल असल्याचा शेरा, तारीख, अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, सही आणि शिक्का तिच्यावर हवा. झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घेतली की प्रमाणित प्रत झाली, हा समज अनेकांना भोवतो. मूळ अभिलेख ज्या अधिकाऱ्याच्या ताब्यात आहे, त्यानेच ती द्यावी लागते.

खरा प्रश्न वयाचा आहे. शाळेच्या दाखल्याला निशाणी क्रमांक पडला, म्हणजे न्यायालयाने तो पुराव्यात दाखल करून घेतला, तरी त्यातली जन्मतारीख खरी ठरली असे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये बिराद मल सिंघवी विरुद्ध आनंद पुरोहित या निवडणूक खटल्यात सांगितले की, शाळेच्या नोंदवहीतली तारीख कोणाच्या माहितीवरून लिहिली गेली हे पुढे आले नाही, तर त्या नोंदीला फारसे पुराव्याचे मूल्य राहत नाही. मुख्याध्यापक पिंजऱ्यात येतात, जनरल रजिस्टर (शाळेतल्या प्रवेशांची नोंदवही) उघडतात, तुमच्या नावापुढची तारीख वाचून दाखवतात. मग उलटतपासणीत एकच प्रश्न येतो, ‘ही तारीख कोणी सांगितली?’ ते तेव्हा त्या शाळेत नसतील, तर त्यांच्याकडे उत्तर नसते, आणि त्यात त्यांचा दोषही नसतो.

म्हणून जन्माची नोंद झाली होती का, हे आधी तुमच्या जन्मगावच्या निबंधकाकडे शोधा. तो उतारा मिळाला तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम होईल. आधार कार्डावर विसंबू नका. ते जन्मतारखेचा पुरावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. जन्मनोंद नसेल तर जनरल रजिस्टर आणि मूळ प्रवेश अर्ज घेऊन हजर राहण्यासाठी शाळेला समन्स काढण्याचा अर्ज आपल्या वकिलांमार्फत द्या. त्या प्रवेश अर्जावर ज्यांची सही असेल, मग ती आई असो वा मामा, त्यांची साक्ष त्यांच्या प्रकृतीचा विचार करून लवकरात लवकर नोंदवून घ्या.