उंबरठ्यापाशी अडणारे पाऊल

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, असल्याचे निदान चार वर्षांपूर्वी झाले. गोळ्या वेळेवर चालू आहेत, तरीही पावले आखूड पडतात, पाय फरफटतात आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी तर ते जमिनीला चिकटल्यासारखे होतात. गेल्या महिन्यात वळताना ते पडले, तेव्हापासून आम्ही त्यांचे आमराईत फिरायला जाणे बंद केले आहे. नातेवाईक विश्रांतीचा सल्ला देतात. व्यायामाने चाल सुधारेल का? पूर्वी ते भजनी मंडळात टाळ वाजवत असत.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, फिरणे कायमचे बंद करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बसून राहिल्याने मांड्यांची ताकद आणि तोल दोन्ही घटतात, आणि ज्या पडण्याला आपण भितो त्याचाच धोका वाढतो. व्यायामाने हा आजार बरा होत नाही. चाल मात्र निश्चित सुधारू शकते. अमेरिकेत १९५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यातून दोनदा याप्रमाणे २४ आठवडे ‘ताई ची’ हा संथ व्यायाम करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि केवळ स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले.

पाऊल किती लांब टाकायचे, याचा विचार निरोगी माणसाला करावा लागत नाही, कारण मेंदूच्या आतल्या भागातील केंद्रे ते काम परस्पर करतात. या आजारात डोपामिन हे मेंदूतले रसायन तयार करणाऱ्या पेशी घटल्या की चालण्यातली ही सहजता हरवते; लक्ष देऊन, ठरवून पाऊल टाकण्याची क्षमता मात्र बरीचशी टिकून राहते. म्हणून त्यांना ‘भराभर चला’ असे म्हणू नये, ‘मोठे पाऊल टाका, आधी टाच टेकवा’ असे सांगावे. त्यांना स्वतःला जे पाऊल अवाजवी मोठे वाटते, ते पाहणाऱ्याला बहुधा नेहमीसारखेच दिसते.

उंबरठ्याच्या अलीकडे, चालण्याच्या दिशेला आडव्या अशा रंगीत चिकटपट्ट्या एकेका पावलाच्या अंतरावर लावाव्यात आणि प्रत्येक पट्टी ओलांडायला सांगावे. पाय अडलाच तर त्यांना हाताला धरून ओढू नये, कारण त्याने वरचे शरीर पुढे जाते, पाय मागेच राहतात आणि तोल जातो. त्यांनी पूर्ण थांबावे, श्वास घ्यावा, शरीराचा भार एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर झुलवावा आणि मगच मोठे पाऊल टाकावे. वळताना एका जागी गर्रकन फिरण्याऐवजी चार-पाच पावलांचा रुंद वळसा घ्यावा. चालताना बोलणे टाळावे आणि हातात पिशवी देऊ नये.

आपण टाळाचा उल्लेख केलात, याचा मला फार आनंद झाला. ठेका पावलांना बाहेरून आधार देतो. वारकरी पावली खेळतात तेव्हा टाळाबरोबर पाऊल पडते. तसाच संथ ठेका घरातल्या कुणीतरी धरावा आणि त्यावर त्यांना आधी जागच्या जागी, मग पुढे चालू द्यावे. ठेका वाढवण्याची घाई मात्र करू नये, कारण पावले पुन्हा आखूड होऊन धाव लागल्यासारखी पडू लागतात. याखेरीज भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीतून उठणे-बसणे रोज दहा वेळा करवून घ्यावे.

गोळीचा असर चांगला असतो ती वेळ व्यायामासाठी निवडावी. अनेकांना ती गोळीनंतर साधारण तासाभराने सापडते. लेव्होडोपाची (कंपवातावरील मुख्य औषधाची) गोळी शक्यतो जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी, कारण डाळ, दूध यांतील प्रथिनांमुळे काहींमध्ये तिचे शोषण मंदावते. त्यांना मळमळ होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आमराईत सुरुवातीला कुणीतरी सोबत असावे आणि पायात सैल चपलांऐवजी टाचेला घट्ट बसणारे बूट असावेत.

मात्र फिरणे पुन्हा सुरू करण्यापूर्वी गेल्या महिन्यातले पडणे मेंदूविकारतज्ज्ञांना अवश्य सांगावे. ते गोळीचा असर ओसरताना झाले का, आणि उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, हे तपासल्याशिवाय व्यायामाचे प्रमाण ठरवता येणार नाही.