शुक्रवारची दुपार

प्रिय मित्रा,

तुझी मेल येऊन नऊ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण सोबतचा लेख मला कागदावर काढून वाचायचा होता. पडद्यावर मला चुका दिसत नाहीत, हा वयाचा दोष.

आधी तुझा प्रश्न. समलिंगींच्या हक्कांचं राष्ट्रीय राजकारण हा विषय धरायचा, तर दिल्लीत बिऱ्हाड करावं लागेल का? मी अकरा वर्षं केलं. लक्ष्मीनगरच्या खोलीचं भाडं भरत राहिले आणि निम्मा वेळ कुणाच्या तरी फाटकावर पासची वाट बघत उभी राहिले. मुक्त पत्रकाराला केंद्राची अधिस्वीकृती हवी असेल, तर १५ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणजे ती मिळेपर्यंत केस पांढरे. तुझ्या पिढीला मात्र एक सोय आहे. सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाची सुनावणी थेट दिसते. एप्रिल-मे २०२३ मध्ये समलिंगी विवाहावर दहा दिवस युक्तिवाद झाले, ते तू सांगलीत बसून ऐकू शकत होतास. त्या सुनावणीचं शब्दशः टिपणही न्यायालयाच्या संकेतस्थळावर आलं. संसदेत खासदारांनी विचारलेले तारांकित-अतारांकित प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं तर वर्षानुवर्षांची पडून आहेत. दिल्लीतले निम्मे पत्रकारही ती उघडत नाहीत. तू उघड.

आता लेखाबद्दल. तू विवाहाच्या खटल्यातल्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालापासून सुरुवात केली आहेस. चूक नाही, पण निकालाचा दिवस सगळ्यांचा असतो. त्या दिवशी तुझ्याआधी चाळीस जण लिहून मोकळे होतात, त्यांच्यामागे ऑफिस असतं, गाडी असते, वकिलांचे नंबर असतात. मुक्त पत्रकाराची बातमी शुक्रवारी दुपारी असते.

शुक्रवारी दुपारी संसदेत मंत्री नसलेल्या खासदारांची खासगी विधेयकं येतात. आठवडा संपलेला, विमानं धरायची घाई, बाकं रिकामी. स्वातंत्र्यानंतर अशी जेमतेम चौदा विधेयकं कायदा झाली, त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. म्हणून संपादक म्हणतात, त्यात काय बातमी? १८ डिसेंबर २०१५ ला शशी थरूर यांनी समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ बदलणारं विधेयक लोकसभेत आणलं. मांडायला सहसा कुणी विरोध करत नाही, तशी प्रथाच आहे. त्या दिवशी विरोध झाला आणि मतदान घ्यावं लागलं. विरोधात ७१, बाजूनं २४, एक तटस्थ. ११ मार्च २०१६ ला पुन्हा तेच: ५८ विरुद्ध १४, पुन्हा एक तटस्थ. तोही शुक्रवारच.

हे आकडे जरा जवळून बघ. ५४५ जागांच्या सभागृहात पहिल्या खेपेला मतदानात दिसले ९६, दुसऱ्या खेपेला ७३. मग ज्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी हे कलम पुन्हा लागू करणाऱ्या २०१३ च्या निकालानंतर निषेधाची पत्रकं काढली होती, त्यांचे खासदार कुठे होते? ही बातमी एकाही निकालात सापडणार नाही. १ एप्रिल २०२२ ला सुप्रिया सुळे यांनी समलिंगी जोडप्यांसाठी विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं विधेयक मांडलं, तेव्हाही शुक्रवारच होता. त्यांच्याच पक्षानं ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्रात एलजीबीटी सेल काढला होता, तेव्हा फोटो सगळीकडे छापून आले. पुढे पक्ष दुभंगला. तो सेल आज कुणाकडे आहे, त्याची बैठक शेवटची कधी झाली, हे एक फोन करून विचारायला हरकत नाही.

तुझ्या लेखाला कणा हवा आहे. तो मला तरी एकाच मराठी शब्दात दिसतो: टोलवाटोलवी. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयात न्या. अजित शहा (आपल्या सोलापूरचे) आणि न्या. मुरलीधर यांनी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम ३७७ निष्प्रभ केलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. कलम बदलायचं तर संसदेनं बदलावं, असं सांगितलं. संसदेनं काय केलं ते वर आलंच. मग २०१८ मध्ये केंद्र सरकारनं संमतीच्या संबंधांचा मुद्दा न्यायालयाच्या शहाणपणावर सोडला आणि ६ सप्टेंबरला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं ते कलम तेवढ्यापुरतं रद्द केलं. २०२३ मध्ये चेंडू पुन्हा पलीकडे: विवाहाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जण एकमत, आणि कायदा करायचा तर संसदेनं. मधल्या मधे माणसाचं एक वय निघून जातं. २००१ मध्ये नाझ फाउंडेशनची याचिका दाखल झाली तेव्हा वीस वर्षांचा असलेला मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला.

यात पक्षांचे रंग आधीच भरून ठेवू नकोस. दिल्ली उच्च न्यायालयात यूपीए सरकारच्या गृहखात्यानं कलम टिकवायचं म्हटलं होतं आणि त्याच सरकारचं आरोग्यखातं, एचआयव्हीचं काम अडतं म्हणून, उलट बोलत होतं. एकच सरकार, दोन सूर. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालकांनी मुलाखतीत जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन अशी माणसं पूर्वापार आहेत, त्यांनाही जगायचा अधिकार आहे, असं सांगितलं. दोनच महिन्यांनी संघानं विवाह स्त्री-पुरुषांचाच, अशी भूमिका घेतली. या दोन वाक्यांमधलं अंतर मोजणं हेच आपलं काम. टाळ्या किंवा शिव्या द्यायला लोक आहेत.

आणखी एक तारीख वहीत लिहून ठेव. ५ ऑगस्ट २०१९. कलम ३७० मुळे सगळा देश राज्यसभेकडे डोळे लावून होता. त्याच दिवशी लोकसभेत तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक मंजूर झालं, ज्याला त्या समाजातल्याच अनेक संघटनांचा विरोध होता. लैंगिक अत्याचाराला त्यात कमाल दोन वर्षं शिक्षा. मी त्या दिवशी कुठे होते? सगळ्यांसारखीच काश्मीरच्या बातमीमागे. अजून टोचतं.

विवाहाच्या सुनावणीत केंद्रानं म्हटलं की ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी निकालपत्रात याचं उत्तर दिलं आहे, शेतात राबणारी बाईही अशी असू शकते, असं. पण न्यायालयानं लिहिलं म्हणून ते दिसत नाही. ते दाखवायला तालुक्याला जावं लागतं, आणि तिथे तुझ्यासारखा सांगलीचा मुलगा दिल्लीच्या बड्या नावांपेक्षा दहा पावलं पुढे असतो. इथेच माझी एक चूक तुला सांगून ठेवते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी एक गृहस्थ भेटले. सहकारी संस्थेत कारकून, लग्न झालेलं, दोन मुलं. देवळामागच्या पायरीवर बसून तीन तास बोलले. मी नाव बदललं, गाव बदललं, नोकरी बदलली. फक्त एक तपशील ठेवला, कारण तो फार सुंदर होता: दर एकादशीला ते भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आणि काळी चार सोडून दुसऱ्या पट्टीत गायला लागलं की चिडायचे. लेख छापून आला, वाहवा झाली. चौथ्या दिवशी त्यांचा फोन. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मॅडम, पेटी कशाला लिहिलीत?” चुलतभावानं ओळखलं होतं. पुढे त्यांनी नंबर बदलला. मीही शोधलं नाही, शोधायचा हक्क राहिला नव्हता.

तेव्हापासून माझा नियम असा: लिहून झालं की तो मजकूर त्या माणसाच्या सख्ख्या मेहुण्याच्या नजरेनं वाचायचा. मेहुण्याला शंका आली तर तपशील बाहेर, कितीही सुंदर असला तरी. आणि फोटो पाठमोरा असला म्हणून चेहरा लपत नाही. चपला, घड्याळ, मागची भिंत, सगळं बोलतं.

आपल्या धंद्यानं यात किती वाईट केलं आहे, हे माहीत असावं. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. नागपूरकडचे, कवी, निवृत्तीला काही महिने उरलेले. फेब्रुवारी २०१० मध्ये एका रात्री कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली आणि खासगी क्षण चित्रित करून गेली. विद्यापीठानं निलंबित केलं ते सरांना. दिल्लीचा निकाल येऊन तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाविरुद्ध त्यांच्या बाजूनं आदेश दिला. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. आपल्या भाषेचा प्राध्यापक, पण त्या महिन्यात मराठी वर्तमानपत्रांतून मला या बातमीचे तुकडेच दिसले.

भाषेवरून आठवलं. तू ‘समलिंगी’ लिहितोस ते ठीक, डेस्क त्याचं ‘समलैंगिक’ करील, तेवढ्यावरून भांडू नकोस. भांडायचं ते ‘अनैसर्गिक’ या शब्दावरून. लहान मुलावर अत्याचार झाला की आपल्याकडे ‘अनैसर्गिक कृत्य’ असं छापतात, जणू गुन्हा बळजबरीचा नसून निसर्ग बिघडवल्याचा आहे. हा कलम ३७७ च्या भाषांतराचा गाळ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते कलमच नाही. (त्यातून वेगळाच पेच झाला आहे: प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर कुठलं कलम लावायचं? गृहखात्याशी संबंधित संसदीय समितीनं असंमतीचा भाग ठेवा म्हणून सांगितलं होतं. यावर मराठीत नीट लेख हवा. घे करायला.) कलम गेलं, शब्द मात्र मथळ्यात तसाच.

संपादक तुला विचारतील, “तू स्वतः त्यातला आहेस का?” मला बाई असून विचारायचे. आहेस किंवा नाहीस, सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव, पण त्यावर तुझ्या लेखाची विश्वासार्हता ठरू देऊ नकोस. शेतीवर लिहिणाऱ्याला सातबारा कोण मागतं?

पैशाचं थोडक्यात. मानधन किती आणि कधी, हे लेख पाठवायच्या आधी मेलवर लिहून घे, तोंडी नको. टीडीएस कापला असेल तर विवरणपत्र भर, बऱ्याचदा परत मिळतो. मोठा लेख दिवाळी अंकाला द्यायचा तर जूनमध्येच बोलून ठेव. आणि महिन्याचं भाडं निघेल असं दुसरं काही काम हातात असू दे. मी भाषांतरं करायचे, औषधांच्या पत्रकांचीसुद्धा.

आता तुझ्या लेखातली मला सर्वांत आवडलेली जागा. २०२३ च्या निकालानंतर केंद्रानं मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात जोडप्यांना एकाच रेशनकार्डावर नाव, बँकेत संयुक्त खातं, अशा सूचना निघाल्या. तू त्या दोघींना घेऊन खरोखर तहसील कार्यालयात गेलास आणि पुरवठा विभागातल्या बाईंनी “नातं काय लिहू?” असं विचारून पेन थांबवलं, हे वाक्य मी दोनदा वाचलं. लेख तिथून सुरू कर. १७ ऑक्टोबर चौथ्या परिच्छेदात गेला तरी चालेल. त्या बाईंकडे परिपत्रक पोचलं होतं का, हे मात्र तू विचारलेलं नाहीस. परत जा, आवक-जावक नोंद बघायला माग, नाही दाखवली तर माहिती अधिकारात अर्ज टाक.

आणि तिसऱ्या परिच्छेदात त्या दोघींपैकी एक शिवणक्लास चालवते असं आहे. त्या गावात शिवणक्लास किती आहेत? एक-दोनच असतील तर तेवढं काढ आणि मला पुन्हा पाठव. शुक्रवारच्या आत.

तुझी,
ताई