'किमान सक्तमजुरी' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या अमली पदार्थांच्या कायद्यावरच्या एका मराठी मजकुरात 'मँडेटरी मिनिमम'ला 'किमान सक्तमजुरी' म्हटलं आहे. हे चालेल का?

माझ्या मते नाही. सक्तमजुरीतली सक्ती कैद्यावर असते. त्याला तुरुंगात राबावं लागतं, म्हणून ती साध्या कैदेहून वेगळी. कायद्याच्या छापील मराठीत तिलाच सश्रम कारावास म्हणतात. 'मँडेटरी'तली सक्ती मात्र न्यायाधीशावर आहे. गुन्हा शाबीत झाला की ठरलेल्या वर्षांच्या खाली त्याला उतरता येत नाही, मग समोर टोळीचा म्होरक्या असो की पिशवी पोचवणारा पोऱ्या. याला आपल्याकडे 'किमान शिक्षा' रुळलेलं आहेच. किमान वेतनाखाली मालकाला जाता येत नाही, तसंच हे. आधी 'सक्तीची' जोडलं तर बिघडत नाही, पण अडतही नाही.

त्याहून जास्त घोळ बातम्यांतला 'पर्यंत' घालतो. आपल्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे भारताच्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, २००१च्या दुरुस्तीने प्रमाणानुसार शिक्षेच्या पायऱ्या केल्या. गांजा १९ किलो सापडला तर दहा वर्षां'पर्यंत' सक्तमजुरी, म्हणजे कोर्ट दोन वर्षंही देऊ शकतं. २१ किलो सापडला तर तो 'व्यापारी प्रमाणा'त जातो आणि शिक्षा दहा वर्षां'पासून' वीसपर्यंत, शिवाय किमान एक लाख दंड. 'दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद' हे ठरीव वाक्य दुसऱ्या प्रकरणात छापलं, की कायद्याने घातलेली खालची हद्द वाचकाला वरची वाटते!

याच विषयात 'शिक्षेत सूट' हा शब्दप्रयोगही जपून करावा. सूट मिळते ती शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला, सरकारकडून. अमेरिकेत २०१८च्या 'फर्स्ट स्टेप' कायद्याने गंभीर अमली गुन्ह्याची आधीची नोंद असलेल्या काही आरोपींची किमान शिक्षा वीसवरून पंधरा वर्षांवर आणली. तिथे 'किमान शिक्षा घटवली' असं सरळ लिहावं. २०१०चा बदल आणखी वेगळा. १९८६च्या कायद्यानुसार ५ ग्रॅम क्रॅक कोकेनला (खड्यांच्या रूपातलं, धूर करून ओढायचं कोकेन) किमान पाच वर्षं होती. पावडर कोकेन असेल तर त्याच पाच वर्षांसाठी ५०० ग्रॅम लागत. २०१०मध्ये क्रॅकचे ५ ग्रॅम २८ झाले, वर्षं मात्र पाचच राहिली. म्हणून तिथे 'प्रमाणाची मर्यादा वाढवली' असं लिहावं लागेल, 'शिक्षा घटवली' नव्हे.