मॅकवरच्या ॲपमधून चार कोडिंग एजंट (आपणहून कोड लिहिणारे एआय) एकदम चालवले की ते एकमेकांचं काम बिघडवतात. लक्ष कसं ठेवायचं?

तुमच्या वर्णनावरून चारही एजंट एकाच फोल्डरमध्ये काम करत आहेत. ॲपमध्ये टॅब चार दिसले तरी डिस्कवरच्या फाइली त्याच असतात. एकाने फाइल बदलली की दुसऱ्याने वाचून ठेवलेला मजकूर शिळा होतो.

प्रत्येकाला स्वतंत्र गिट वर्कट्री द्या, म्हणजे त्याच प्रोजेक्टचा वेगळ्या फोल्डरमधला, वेगळ्या ब्रँचवरचा (कोडच्या शाखेवरचा) संच. मुख्य फोल्डरमध्ये ‘गिट वर्कट्री ॲड’ लिहा, पुढे नव्या फोल्डरचा पत्ता आणि ‘बी’ पर्याय देऊन नव्या ब्रँचचं नाव. २०१५ च्या गिट २.५ पासून ही सोय आहे. काही ॲप ते आपणहून करतात. एकच ब्रँच दोन वर्कट्रींत उघडायला गिट नकार देतं. तिथे जबरदस्ती करू नका.

खरी अडचण यानंतर येते. नव्या फोल्डरमध्ये फक्त कमिट केलेल्या (गिटमध्ये नोंदवलेल्या) फाइली येतात. गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या यादीत) टाकलेली एन्व्ह फाइल (सेटिंग आणि गुप्त की असलेली) किंवा नोड मॉड्यूल्स (प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस) येत नाहीत. मग टेस्ट फेल होतात आणि कारण न समजल्यामुळे एजंट धडधाकट कोड बदलत सुटतो. म्हणून एक छोटी सेटअप स्क्रिप्ट ठेवा: एन्व्ह कॉपी करायची, पॅकेजेस बसवायला ‘एनपीएम सीआय’ चालवायचं, पोर्ट ३००१, ३००२ असे वेगळे द्यायचे, टेस्टचा डेटाबेसही वेगळा. आणि अर्धवट बदल बाजूला ठेवणाऱ्या ‘गिट स्टॅश’ला सक्त मनाई करा, कारण स्टॅश सगळ्या वर्कट्रींत सामाईक असतो, एकाचं अर्धवट काम दुसराच उघडून बसतो.

टर्मिनलमध्ये चालणारी कमांड ॲपमध्ये ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणत असेल तर दोष एजंटचा नाही. डॉकवरून उघडलेल्या ॲपला तुमच्या शेलचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) मिळत नाही. पाथची ओळ शेलच्या झेडएसएचआरसी या सेटिंग फाइलीऐवजी झेडप्रोफाइल या फाइलीत ठेवून बघा, कारण बरीच ॲप लॉगिन शेल चालवून पाथ घेतात. तरीही जमलं नाही तर ॲप टर्मिनलमधून उघडा.

परवानग्यांबाबत माझं मत ठाम आहे. फाइल वाचणं आणि टेस्ट चालवणं खुलं ठेवा. पुश (कोड सर्व्हरवर पाठवणं), फाइली पुसणं आणि मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणं) विचारल्याशिवाय नको. प्रत्येक गोष्टीला विचारायला लावलं तर दहाव्या वेळी तुम्ही न वाचताच ‘हो’ दाबाल. पण कमांडच्या नावावरची बंदी चुकवता येते, त्यामुळे प्रॉडक्शनची (खऱ्या, चालू सिस्टिमची) की त्या एन्व्हमध्ये असूच नये.

कोण अडकलंय हे कळायला नोटिफिकेशन लावा. क्लॉड कोड या एजंटमध्ये त्यासाठी नोटिफिकेशन नावाचा हुक (ठरावीक घटनेला आपली कमांड चालवायची सोय) आहे. मॅक झोपू नये म्हणून ‘कॅफिनेट’ ही कमांड ‘आय’ पर्याय देऊन चालवा. झाकण मिटलं तर मात्र त्याचा उपयोग नाही.

डिफ (एजंटने काय बदललं त्याची यादी) वाचताना आधी टेस्टचा फोल्डर उघडा. अपेक्षित उत्तरच बदललं असेल किंवा टेस्ट ‘स्किप’ केली असेल, तर पुढचं वाचू नका, काम परत पाठवा. एक ब्रँच मुख्य कोडमध्ये मर्ज झाली की उरलेल्या लगेच रिबेस करून (त्या नव्या कोडवर आणून) टेस्ट पुन्हा चालवा. चार डिफ नीट वाचून होत नसतील तर एजंट दोनच ठेवा.