गणित समजतं, पण पेपरात सुटत नाही

“मॅडम, घरी सगळं येतं हो तिला. पेपर हातात पडला की कोरी! गणिताची भीतीच बसलीय.” नववीतल्या मुलीच्या आईची ही तक्रार. चाचणीचे निकाल लागले की असे पालक येतातच. सगळ्यांना भीती घालवून हवी असते. मी आधी वही मागते.

वही देखणी होती. क्लासच्या फळ्यावरून उतरवलेली, एकही खाडाखोड नसलेली. अशी वही दिसली की मला जरा शंकाच येते. मी एक उदाहरण घातलं: आयताची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ सेमीने जास्त, परिमिती ३६ सेमी, तर बाजू काढ. रुंदी क्ष धरून ती भराभर ३क्ष + ३ = १८ पर्यंत आली, मग ३क्ष = १५. इथवर झकास. पुढची ओळ: क्ष = १५ − ३ = १२.

“वजा का गं केलंस?”

“तीन पलीकडे गेला ना, मग चिन्ह बदलतं.”

आईच्या तोंडून “अगं, एवढं सोपं...” निघालंच. त्यांना खुणेनंच थांबवलं आणि मुलीला म्हटलं, आता रुंदी १२ घालून परिमिती काढ. लांबी २७, परिमिती ७८. ती कागदाकडे बघत राहिली, मग स्वतःच म्हणाली, “क्षला तीनने गुणलंय, म्हणजे दोन्हीकडे भागायला हवं.” रुंदी ५, लांबी १३.

“पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं” हे पाठ असलेली मुलं मला सतत भेटतात. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया करायची, हे त्या घोकंपट्टीत हरवतं. घरी बाबा गाईड उघडून पुढची पायरी दाखवायचे, ही मान डोलवायची. त्यामुळे चूक कधी उघडी पडलीच नाही.

भूमितीतही तेच. समद्विभुज त्रिकोणाचा शिरकोन ४० अंश दिला, तर पायाचे कोन तिने ६० लिहिले. का, तर आकृतीत “तसे दिसतात”! पक्षात, म्हणजे प्रश्नात, दिलेलं आधी आकृतीवर लिहायला लावलं, तेव्हा उरलेले १४० अंश निम्मे करून ७० तिचे तिनेच काढले.

क्लास बदलू का, हे आईने जाताना विचारलंच. सहामाहीपर्यंत थांबा, म्हटलं. तोवर घरी एवढंच विचारा, “उत्तर घालून पाहिलंस का?” आणि बाबांना सांगा, गाईड कपाटात ठेवा.