कारकीर्द निवडता येत नाही

ब्रायन फोर्ब्स या ब्रिटिश कलावंतावर लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: हे गृहस्थ आधी नट, मग पटकथाकार, मग दिग्दर्शक, तर 'त्यांची कारकीर्द' लिहू की 'त्यांच्या तीन कारकिर्दी'? शिवाय कुणा जाणकाराने त्यांना बजावलंय की कारकीर्द राजाची किंवा पदाधिकाऱ्याची असते, नटाची नसते.

एकवचनच लिहा. पण त्याआधी, रोज कानावर येणाऱ्या एका प्रयोगाबद्दल बोलायलाच हवं. 'दहावीनंतर योग्य कारकीर्द निवडा.' 'कारकिर्दीच्या नव्या संधी.' करिअर खोडून तिथे कारकीर्द चिकटवली की मराठी झालं, अशी समजूत दिसते. दोन्ही शब्दांची तोंडं उलट दिशांना आहेत. करिअर फ्रेंचमार्गे आला, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला गाडा आहे. गाड्याची वाट, मग घोडदौडीचं मैदान. वाट पुढे पसरलेली असते, ती निवडता येते. कारकीर्द फारसी आहे. 'कार' म्हणजे काम आणि 'कर्द' किंवा 'किर्द' म्हणजे केलं. भूतकाळ! जे अजून केलंच नाही, ते निवडणार कसं?

याच क्रियापदाचं वर्तमानाचं अंग 'कुन', म्हणजे करणारा. त्यातून आला कारकून. कारकून काम करतोय, कारकीर्द करून झाली आहे. एकाच घरातली ही दोन भावंडं, आणि आपण त्यांना ओळखही देत नाही.

आता माझा लाडका मुद्दा. जमाखर्चातली कीर्द आठवते? कीर्द-खतावणीतली? माझ्या आजोबांच्या किराणा दुकानात लाल कापडी बांधणीची कीर्द असे. दिवे लागल्यावर गल्ला मोजून झाला की ते ती उघडत आणि दिवसभरात जे घडलं तेवढंच तारखेखाली लिहीत. उद्या येणाऱ्या मालाची ओळ आज कधीच नाही. माझं ठाम म्हणणं आहे की कारकिर्दीतली कीर्द तीच आहे: केलेल्याची नोंद.

यावर 'कार अधिक कीर्ती' अशी फोड सांगणारे विद्वान भेटतात, छापूनही येतात. ही फोड साफ चुकीची आहे. सामान्यरूप करून बघा. कीर्ती तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून 'कीर्तीत' दीर्घच राहतं. कारकीर्दचं मात्र 'कारकिर्दीत' असं ऱ्हस्व होतं. आणि 'कि'साठी कीर्तीकडे हात पसरायची गरजच काय? फारसीत 'किरदार' आहेच, तोही 'केलं' याच अंगातून घडलेला. मूळ अर्थ कृती, वागणूक. हिंदी सिनेमाने त्याचा अर्थ 'भूमिका' असा केला. म्हणजे नट जो किरदार रंगवतो आणि त्याची जी कारकीर्द होते, ते दोन्ही शब्द एकाच धातूचे. नटाला कारकीर्द नाकारणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

तर फोर्ब्स. जन्म 1926, लंडनचा, मूळ नाव जॉन थिओबाल्ड क्लार्क. 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स' (1954), 'द कोल्डिट्झ स्टोरी' (1955) अशा चित्रपटांत दुय्यम भूमिका केल्या, आणि त्याच वर्षीच्या 'द कॉकलशेल हीरोज'ची पटकथा लिहिण्यातही त्यांचा हात होता. 'द लीग ऑफ जंटलमेन' (1960) लिहिला आणि त्यात कामही केलं. 'द अँग्री सायलेन्स'च्या (1960) पटकथेला बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला; निर्मितीत भागीदार होते रिचर्ड ॲटनबरो, ज्यांच्या 'गांधी'त पुढे रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या. 1961 साली 'व्हिसल डाउन द विंड'चं दिग्दर्शन केलं: गोठ्यात लपलेल्या फरारी माणसाला मुलं येशू समजतात, त्याची गोष्ट. 'सेआन्स ऑन अ वेट आफ्टरनून' (1964) आणि 'किंग रॅट' (1965) लिहिलेही त्यांनीच, दिग्दर्शितही केले. यात तीन डबे कुठे पाडणार? नट लिहितोय, लेखक दिग्दर्शन करतोय, एकाच पानावर सगळ्या ओळी. म्हणून कीर्द एकच.

राहिला जाणकारांचा आक्षेप. अंमल, राजवट हा अर्थ जुना आहे, खरा आहे, पण तो शब्दाभोवतीचं कुंपण नाही. आणि फोर्ब्सना तो अर्थही लागू पडतो. 1969 ते 1971 या काळात ते लंडनजवळच्या एल्स्ट्री इथल्या ईएमआय स्टुडिओत चित्रपटनिर्मितीचे प्रमुख होते. 'द रेल्वे चिल्ड्रन' आणि कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा 'द गो-बिट्वीन' हे त्याच काळातले. तेव्हा 'फोर्ब्स यांच्या कारकिर्दीत एल्स्ट्रीला हे चित्रपट झाले' हे वाक्य पेशवाईच्या मराठीतही चाललं असतं. तुमच्या लेखात हा शब्द दोन्ही अर्थांनी येणार. एल्स्ट्रीच्या परिच्छेदात 'एल्स्ट्रीतील कारकीर्द' असं स्पष्ट लिहा, म्हणजे घोटाळा होणार नाही.

आणि दहावीच्या मुलांना करिअरच निवडू द्या.