डेव्हिड गिलमोरसारखी गिटार वाजवायची आहे, आधी कोणतं पेडल घेऊ?

तुम्ही इंदूरला सतार शिकलात, आता स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घेतलीय आणि बिग मफ (आवाज भरड, घट्ट करणारं फझ पेडल) घ्यावं की डीले (पडसाद देणारं पेडल), असं विचारताय. सध्या दोन्ही राहू द्या. पिंक फ्लॉइड या बँडच्या १९७९ च्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल’ (भाग २) चा सोलो त्यांचा गिटारवादक गिलमोरने स्ट्रॅटवर वाजवलेलाच नाही. ती गिब्सनची लेस पॉल गिटार होती, पी-९० जातीच्या पिकपची (तारांचा आवाज टिपणारा भाग), आणि अँपऐवजी सरळ स्टुडिओच्या मिक्सिंग डेस्कला जोडलेली होती. तरी दोन सुरांत माणूस ओळखू येतो.

ओळखू येतो तो बेंडवरून, म्हणजे तार ओढून सूर चढवण्यावरून. दुसऱ्या तारेवर सातवा फ्रेट (पडदा) वाजवा, तो एफ शार्प. आता तिसऱ्या तारेवर नववा फ्रेट (ई) दाबून तार वर ढकला आणि बरोब्बर त्याच एफ शार्पवर थांबवा. डोळे मिटून पोचा, ट्यूनर नंतर बघा. सूर बहुधा उतरलेला निघेल. सतारीत तर्जनी आणि मधल्या बोटावर काम भागतं, त्यामुळे तुमची अनामिका कच्ची असणार, आणि इथे मुख्य जोर तिचाच. तिच्या मागची दोन्ही बोटं, तर्जनी आणि मधलं, त्याच तारेवर टेकवा, अंगठा मानेवरून वर येऊ द्या आणि दाराची मूठ फिरवावी तसं मनगट फिरवा. नुसत्या बोटांनी ढकललंत तर सूरही जाईल आणि बोटंही दुखतील.

हे जमलं की त्याच ई वरून एफ शार्पवर जा, क्षणभर थांबा आणि तिथूनच आणखी वर जी पर्यंत चढा. ही त्याची खास लकब. मग उलटं करा: तार आवाज न करता आधी ओढा, मग छेडा आणि सावकाश सोडा. उतरती मींड तुमच्या कानात असेलच, इथे तुम्ही बाकीच्यांच्या पुढे आहात. व्हायब्रॅटो (सुराचं आंदोलन) मात्र लगेच सुरू करू नका. आधी सूर ठरू द्या, मग तार किंचित सोडून परत तिथेच आणा. वर जाऊ देऊ नका. आणि दोन वाक्यांमध्ये जागा सोडा. अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित ऐकलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आता गिटार. मागची स्प्रिंगची झाकणी काढून ट्रेमोलोच्या (दांड्याने सूर हलवायची यंत्रणा) स्प्रिंगा धरणाऱ्या पट्टीचे दोन स्क्रू आवळा, ब्रिज (घोडी) लाकडाला टेकेपर्यंत. तो तरंगता असला की एक तार ओढताच बाकीच्या उतरतात. बेंडनंतर तार सुरात परत येत नसेल तर ती नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) खाचेत अडकतेय. खाचेत शिसपेन्सिल घासा. वरच्या फ्रेटवर बेंड करताना सूर मध्येच मरत असेल तर तारा फार खाली आहेत, बाराव्या फ्रेटवर साधारण २ मिमी ठेवा. गिलमोरच्या तारा १० ते ४८ च्या असतात (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत), तुम्ही ९ ते ४२ ने सुरू करा. जाड तारांचा हट्ट करून मनगट धरून बसणारे बरेच भेटतात.

एवढं झाल्यावर खर्च करायचाच तर आधी डीले घ्या: ४४० मिलिसेकंदांच्या आसपास, चार-पाच पडसाद, मूळ सुरापेक्षा बरेच हळू. पडसाद मोठे ठेवले की बेंडच्या चुका झाकल्या जातात, आणि नवशिक्याला तेच आवडतं. बिग मफ गिलमोरकडे छान वाजतं कारण मागे १०० वॉटचा हायवॉट अँप स्वच्छ आणि मोठ्या आवाजात चालू असतो. रात्री शेजारी झोपलेले असताना फ्लॅटमधल्या छोट्या अँपवर ते नुसतं गुणगुणतं. त्यापेक्षा साधं ओव्हरड्राइव्ह (आवाज सौम्यपणे फाडणारं पेडल) घ्या, त्याचं गेनचं बटण पावपर्यंत. सिंगल कॉइलची (स्ट्रॅटवरचे एका वेटोळ्याचे पिकप) भुणभुण फार असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून बघा आणि प्लगला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांमध्ये बऱ्याचदा नसतं.